साहेबांपर्यंत वाईट बातमी पोचत का नाही? (भावनिक बुद्धिमत्ता वगैरे)

पास_कदंबाचा

नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे गोळ्या दाबायचा विभाग. आधी बरीच वर्षं मशीनवर होतो, यंदाच्या पावसाळ्यापासून शिफ्ट इनचार्ज. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला तेच आता माझ्या हाताखाली.

मागच्या पंधरवड्यात रात्रपाळीत गोळीचं वजन मर्यादेबाहेर गेलं. ऑपरेटरनं मशीन थांबवलं, सेटिंग नीट केलं, मधल्या गोळ्या वेगळ्या काढून ठेवल्या. हे सगळं नियमाप्रमाणे. फक्त मला सांगितलं नाही. सकाळी शिफ्ट सुटताना दुसऱ्याच्या तोंडून कळलं. तोवर डेव्हिएशन (काय बिघडलं त्याची लेखी नोंद) टाकायला उशीर झालेला, क्वालिटीवाले वैतागलेले.

आता गंमत बघा. माझ्याआधीचे इनचार्ज शिव्या घालायचे. मी आजवर कोणावर आवाज चढवलेला नाही. राग आला तरी गिळतो, चेहरा शांत ठेवतो. तरी हे असं.

एचआरनं आम्हाला दोनापावलाच्या एका हॉटेलात भावनिक बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. पाच वर्तुळं, एक खेळ, बुफे, सर्टिफिकेट. स्वतःला ओळखा, दुसऱ्याला समजून घ्या. वाईट नव्हतं, पण सोमवारी मशीनपाशी उभं राहिल्यावर त्यातलं काय वापरायचं ते कळेना. हे खरंच शिकता येतं का? की जन्मतः असावं लागतं? तुम्ही माणसं कशी सांभाळता ते लिहा.

कोथरूडचा_पाहुणा

छान विषय! लीडरनं आधी स्वतःचे ट्रिगर ओळखावेत, जर्नल लिहावं, टीममधल्या एकेकाशी दर आठवड्याला वन-ऑन-वन, म्हणजे दोघांतच बोलणं, घ्यावं, फीडबॅकचं सँडविच करावं, म्हणजे दोन कौतुकांच्या मधे टीका. आमच्या ऑफिसात खूप फरक पडला.

रोंबाट

पाहुणेबाब, रात्री तीन वाजता मशीनपाशी कानात इअरप्लग घालून वन-ऑन-वन कसं घेतात तेही सांगा. 😀

(धागा चांगला आहे, वाचतोय.)

संकासूर

आधी जरा पाणी घालतो, मग पुढचे लोक तेल घालतील.

भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना १९९० मध्ये सॅलोव्ही आणि मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडली. तेव्हा तिचा आवाका मर्यादित होता: भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं आणि त्या हाताळणं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकानं ती घराघरात गेली. तुमची पाच वर्तुळं बहुधा त्यांचीच. १९९८ मध्ये त्यांनी नेतृत्वावर लेख लिहिला त्यात ती आहेत: आत्मभान, आत्मसंयम, आतून येणारी प्रेरणा, दुसऱ्याच्या भावनेची जाण आणि माणसांत वावरण्याचं कौशल्य. एवढं सगळं एका टोपलीत भरल्यावर उरलं काय? चांगल्या माणसाचं वर्णनच झालं ते. एडविन लॉक यांनी २००५ मध्ये ही संकल्पनाच वैध नाही असं लिहिलं, त्यांचाही रोख साधारण असाच होता.

आता तुमच्या कामाचं. २०१० मध्ये जोसेफ आणि न्यूमन यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्या नोकरीत भावना सांभाळणं हाच कामाचा मोठा भाग आहे, तिथे ही क्षमता उपयोगी पडताना दिसते. जिथे तसं नाही, तिथे फायदा दिसत नाही, कधी कधी उलटाच परिणाम. म्हणजे गोळीचं वजन बघणाऱ्या ऑपरेटरला हे प्रशिक्षण देऊन फारसं काही होणार नाही. पण इनचार्ज झालात त्या दिवशी तुमची नोकरी बदलली. पगारपत्रकावर विभाग तोच असेल, कच्चा माल मात्र आता माणसं आहेत.

जन्मतः की शिकून? थोडं दोन्ही. पण दोन दिवसांच्या बुफेत नक्कीच नाही.

पास_कदंबाचा

@संकासूर, पाणी घातलंत ते बरं केलंत. "नोकरी बदलली" हे पटलं. पण मग मी ओरडत नाही त्याचा काहीच उपयोग नाही?

वॉर्डातली_ताई

मी सरकारी इस्पितळात परिचारिका आहे, अनेक वॉर्ड फिरून झालेत. तुमचा ऑपरेटर गप्प का राहिला ते मला लांबून काय कळणार, पण तुमचा प्रश्न आमच्या रोजच्या जगण्यातला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एमी एडमंडसन नावाच्या संशोधक आहेत. नव्वदच्या दशकात त्यांनी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. अपेक्षा अशी, की ज्या गटाचं आपसात चांगलं जमतं तिथे औषधांच्या चुका कमी सापडतील. निघालं उलटंच. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त. आधी त्या स्वतःच गोंधळल्या. मग लक्षात आलं, की चांगल्या गटांत चुका जास्त होत नसाव्यात, तिथे त्या बोलल्या जातात. बाकीच्या ठिकाणी झाकल्या जातात. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन करणाऱ्या कंपनीतल्या ५१ गटांवर काम केलं. म्हणजे तुमच्या जवळचंच क्षेत्र. तिथेही "इथे बोललो तर माझी फजिती होणार नाही" हा भरवसा आणि गटाचं शिकणं यांचा संबंध दिसला.

हे मी पुढे कधीतरी वाचलं, पण त्याआधीच पाहिलं होतं. माझ्या सुरुवातीच्या वॉर्डात एक सिस्टर इनचार्ज होत्या. कडक. त्यांना गोड कोणी म्हटलं नसतं, ड्युटीवर पाच मिनिटं उशीर झाला तर रजिस्टर पुढे सरकवायच्या, बोलायच्या नाहीत. पण कोणी जाऊन म्हटलं, "सिस्टर, डोस चुकला", की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पेशंट कसो आसा?" दुसरा: "डॉक्टराक सांगलें?" कोणी चुकवलं, हा प्रश्न त्या दिवशी येतच नसे. तो यायचा दुसऱ्या दिवशी, खोलीत बसून, दार लावून, आणि तेव्हा सुटका नसायची. सगळा वॉर्ड त्यांना घाबरायचा, आणि सगळा वॉर्ड त्यांनाच सगळ्यात आधी सांगायचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात, ते बाहेरच्याला समजावणं कठीण आहे.

दुसऱ्या एका वॉर्डात इनचार्ज फार प्रेमळ. वाढदिवसाला केक, घरच्यासारखं वागणं. पण काही चुकलं की त्यांचा चेहरा असा उतरायचा, की आपण त्यांना दुखावलं असं वाटायचं. मग मुली आपसातच निस्तरायच्या. त्यांना कळवलं तर त्या रडतील, ही भीती ओरडण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती.

तुम्ही लिहिलंय, राग गिळतो, चेहरा शांत ठेवतो. भाऊ, तो चेहरा तुम्हाला आतून शांत वाटतो. समोरून कसा दिसतो ते कोणाला तरी विचारा.

संकासूर

ताईंच्या शेवटच्या ओळीला पुरवणी. भावना दाबण्यावर जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं बरंच काम आहे. राग दाबला तरी शरीर शांत होत नाही, आत खदखद चालूच राहते. एमिली बटलर यांच्याबरोबरचा २००३ चा एक प्रयोग तर तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. दोन अनोळखी माणसं एका अस्वस्थ करणाऱ्या विषयावर बोलतायत. त्यातल्या एकाला सांगितलेलं, की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तर रक्तदाब समोरच्याचाही वाढला, ज्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. संभाषणही तुटक झालं.

म्हणजे ओरडणारा साहेब निदान कळतो तरी. वाऱ्याची दिशा कळली की होडी वळवता येते. कोऱ्या चेहऱ्यापुढे माणूस अंदाज बांधत बसतो, आणि नोकरीवरचा माणूस अंदाज नेहमी वाईटाकडचाच बांधतो.

पास_कदंबाचा

हे जरा जास्तच होतंय हां. म्हणजे ओरडलं तरी वाईट, नाही ओरडलं तरी वाईट? माणसानं करायचं काय, तियात्रातल्यासारखं (आमचं कोंकणी नाटक) मधेमधे गाणं म्हणायचं?

तिसरी_घंटा

गाणं म्हटलंत तर हरकत नाही, आमच्याकडे एक गायक कमीच आहे.

आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी नाटक असतं. गोव्यात हे वेगळं सांगायला नको. मी बसवतो. नट कोण? बँकेतला शिपाई, शाळामास्तर, एक पंच, मासळीच्या धंद्यातला एक, कॉलेजची पोरं. कोणाला पैसे नाहीत. उलट वर्गणी तेच देतात. मी कोणाला काढू शकत नाही, बढती देऊ शकत नाही, मेमो देऊ शकत नाही. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री दहाला तालमीला येतो तो केवळ यावंसं वाटतं म्हणून. वाटेनासं झालं की दुसऱ्या दिवशी "ताप आला" असा निरोप.

तेव्हा तुम्हा पगारी साहेबांच्या हातात जी काठी आहे ती नसताना काय उरतं, ते मला चांगलं माहीत आहे. उरतं एवढंच, की आज हा माणूस कुठल्या मनःस्थितीत आलाय ते दारातच ओळखायचं. मास्तर चपला काढून सरळ रांगेत लावतात, त्या दिवशी त्यांच्याकडून काहीही करून घ्या. भिरकावल्या, की त्या दिवशी त्यांचा प्रवेश शेवटी.

पण मला याची दुसरी बाजूही सांगायची आहे, कारण इथे सगळं समजून घेण्यावर चाललंय. समजून घेण्याच्या नादात नाटकं पडतात. आमच्या शेजारच्या गावी एक दिग्दर्शक होते, साऱ्यांचे लाडके. एका ज्येष्ठ नटाला पाठांतर होत नव्हतं, सगळ्यांना दिसत होतं. वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. शेवटी जत्रेच्या रात्री प्रॉम्प्टरचा आवाज नटापेक्षा मोठा. गाव हसलं. ज्याला जपायचं होतं त्याचीच शोभा झाली. त्याचं मन खरंच ओळखलं असतं तर तालमी सुरू असतानाच चहाला बोलावून सांगितलं असतं, की काका, ही भूमिका मी दुसऱ्याला देतो, तुम्ही सूत्रधार करा. चार दिवस रुसले असते. चालतं.

@पास_कदंबाचा, राग आला तर आला म्हणून सांगा. मी सरळ म्हणतो, "आज माझं डोकं ठिकाणावर नाही, घरचं आहे, तुमच्यावर नाही." तालीम लगेच सैल होते. राग चेहऱ्यावर दिसतोच, फक्त कोणावर आहे ते दिसत नाही.

रोंबाट

चपलांवरून ओळखायचं हे भारी. उद्यापासून आमच्या साहेबांच्या चपला बघतो.

संकासूर

@तिसरी_घंटा, तुम्ही नकळत प्रयोगशाळेतलीच गोष्ट सांगितलीत. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या मेंदूच्या चित्रणात दिसलं होतं, की चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिलं, "हा राग", "ही भीती" असं, तरी मेंदूतल्या अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची हालचाल कमी होते. प्रयोग चित्रांवरचा होता, तालमीवरचा नव्हे, तेव्हा फार ताणू नये. पण दिशा तीच.

खाजें_आणि_चणे

कळंगुट पट्ट्यातल्या हॉटेलात किचन सांभाळतो. चर्चा फार उंचावर चाललीय, जरा रजेच्या तक्त्यावर आणतो. कारण माझ्या मते इनचार्जची खरी परीक्षा तिथे होते.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. अर्धं किचन रजा मागतं. वर्षानुवर्षांची आमची सोय अशी: चवथीला ख्रिश्चन मुलं जास्तीच्या शिफ्ट घेतात, नाताळाला हिंदू मुलं. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडतही नाही. मला या सोयीचा फार अभिमान होता. सगळ्यांना सांगायचो, बघा, गोव्यात हे असं चालतं.

मग एका वर्षी बिहारच्या एका पोरानं छठला रजा मागितली. दिवाळीनंतरची, म्हणजे सीझन तोंडावर. तक्ता भरलेला. तो काही बोलला नाही, "ठीक है" म्हणून गेला. तेव्हा मी मागचे तक्ते काढून पाहिले. चवथीलाही तोच ड्युटीवर, नाताळालाही तोच. आमच्या सुंदर सोयीत झारखंड, बिहार, ओडिशाची पोरं दोन्हीकडून भरणा म्हणून वापरली जात होती, आणि कोणाच्या ते मनातही नव्हतं. चवथीला घरी मूळ घराण्याचा गणपती आहे, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची आहे, हे मला सांगावं लागत नाही, मला ते आतून समजतं. छठ मला समजत नव्हतं. म्हणून ते दिसलंच नाही.

दुसऱ्याच्या भावनेची जाण म्हणतात ती अशी आपल्या माणसांकडे उताराच्या पाण्यासारखी धावते. म्हणून आता मी मनावर विसंबत नाही. जुलैत सगळ्यांना विचारतो: वर्षातले कुठले दिवस तुला घरी असलंच पाहिजे? ते आधी तक्त्यात जातात, मग बाकीचे. सगळ्यांना सगळं मिळत नाही. पण नाही म्हणताना मला माहीत असतं मी काय नाकारतोय.

आणखी एक. गेस्टसमोर हसायचं आणि आत येऊन पोरांवर भांडी आपटायची, हा आमच्या धंद्याचा रोग. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींवर लिहिलं होतं, की हसणं हेही पगाराचं काम असतं आणि ते माणसाला थकवतं. हॉटेल मॅनेजमेंटला असताना हे शिकवलं होतं तेव्हा डोक्यावरून गेलं. फ्रंटवर दहा तास हसलेल्या मुलीला शिफ्ट संपताना "जरा उत्साह दाखव" म्हणू नये, एवढा तरी त्यातून धडा घेतलाय.

वॉर्डातली_ताई

@खाजें_आणि_चणे, छठचं वाचून आमचा ड्युटी रोस्टर आठवला. उद्या काढून बघते.

बार्जवाला

उशिरा आलो. डिचोली बाजूचा. खाणीवर सुपरवायझर होतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी, आणि २०१८ मध्ये खाणींची ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द, पुन्हा बंद. हे सगळ्यांना माहीत आहे. मी सांगतोय ते गेटवरचं.

दोन मॅनेजर पाहिले. एकानं नोटीस लावली आणि फोन उचलणं बंद केलं. दुसरा रोज सकाळी गेटवर यायचा. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. तेच सांगायचा. "आज काही नवीन नाही. पगाराचं वरून उत्तर आलेलं नाही. परत विचारलंय." ट्रकवाले त्याला वाटेल ते बोलायचे, कर्जाचे हप्ते डोक्यावर होते. तो ऐकून घ्यायचा. माणसं त्याला अजून मान देतात.

पण मला तुम्हा सगळ्यांना हेही सांगायचंय, की त्याच्या ऐकून घेण्यानं एकाही ट्रकाचा हप्ता फिटला नाही. काहींचे ट्रक गेलेच. भावना समजणारा साहेब आणि अधिकार असलेला साहेब, हे दोन वेगळे. कंपन्या पहिल्याला गेटवर पाठवतात आणि दुसरा पणजीत एसीत बसतो. असल्या प्रशिक्षणांचं मला म्हणून हसू येतं. गेटवरच्याला ऐकायला शिकवतात, आणि ऐकलेलं वर कोण ऐकणार ते ठरवतच नाहीत.

संकासूर

@बार्जवाला, या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद. पूर्ण सहमत.

कोथरूडचा_पाहुणा

माझा सँडविचचा सल्ला मागे घेतो. 🙏 पण वन-ऑन-वन मागे घेत नाही. खाजेंनी जुलैत विचारलं ते दुसरं काय आहे?

रोंबाट

पाहुण्यांना एक गुण. बाल्कांवात (ओसरीवर) बसा, चहा सांगतो.

पास_कदंबाचा

थोडे दिवस लिहिलं नाही, शिफ्ट बदलत होत्या.

ताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे विचारलं. जुना मित्र आहे, आमच्याच पाळीत. म्हणाला, "तू इनचार्ज झाल्यापासून काही सांगितलं की तू 'बरं' म्हणतोस आणि निघून जातोस. आधीचा शिव्या घालायचा, पण शिव्या घालून झाल्यावर तिथेच उभा राहून मशीन बघायचा." मी म्हटलं, मी क्वालिटीला फोन करायला जातो, त्यासाठीच जातो! तो म्हणाला, आम्हाला काय माहीत कुठे जातोस.

मला अजूनही वाटतं ऑपरेटरनं सांगायला हवं होतं. पण आता दोन गोष्टी करतोय. काही कळलं की फोन तिथूनच, त्यांच्यासमोर करतो. आणि पाळी बदलताना "सगळं ठीक?" असं विचारत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. "आज काय अडलं?" विचारतो. पहिले काही दिवस सगळे छताकडे बघत होते. परवा एकानं सांगितलं, हॉपरचा (मशीनमध्ये पावडर सोडणारं नसराळं) सेन्सर बऱ्याच दिवसांपासून खोटा अलार्म देतोय आणि सगळे तो बंद करून पुढे जातात. हे मला माहीतच नव्हतं. मेंटेनन्सला कळवलंय, सेन्सर अजून बदललेला नाही. बार्जवाले म्हणतात तसं, आता वरच्यांनी ऐकण्याचा प्रश्न.

एक अडचण राहिलीय. पॅकिंगला माल नेणारी कंत्राटी मुलं. ओडिशाची, उत्तर कर्नाटकातली. ती अजिबात बोलत नाहीत. मी हिंदीत विचारतो, हसतात, मान हलवतात. काय करू?

खाजें_आणि_चणे

त्यांचा साहेब तू नाहीस, ठेकेदाराचा सुपरवायझर आहे. त्यांनी काही कबूल केलं तर त्यांचा दिवस कोण कापतो ते आधी शोध. आमच्याकडे हाउसकीपिंगला तसंच होतं. ग्लास फुटला की पोराच्या पैशांतून कापायचे, मग फुटलेले ग्लास कचऱ्यात खोल दडवलेले सापडायचे, आणि ते काढताना एकाचा हात कापला. ठेकेदाराबरोबर बसून फूटतुटीचे पैसे कापायचे नाहीत हे लेखी घेतलं, तेव्हा कुठे पोरं फुटलेलं दाखवायला लागली.

पास_कदंबाचा

कंत्राटाचे कागद एचआरकडे असतात. सोमवारी मागतो. दिले तर इथे लिहीन, नाही दिले तरी लिहीन.